कायदा १९९०चा, अंमल १९९७चा : प्रसारणाची स्वायत्तता मोजायची कशी?

संशोधन सल्लागार समितीपुढे माझं पहिलं सादरीकरण होतं, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भारतातील स्वायत्त लोकसेवा प्रसारणाचा इतिहास'. समितीतले एक सर चष्मा वर करून एवढंच म्हणाले, "स्वायत्त म्हणजे किती स्वायत्त? मोजणार कसं?" मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून या विषयाकडे आलेली. मोजमापाचा प्रश्न खरं तर माझ्या घरचा. तरी मला उत्तर देता आलं नाही.

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करताय. 'लोकशाहीत स्वतंत्र लोकसेवा प्रसारणाची भूमिका' असा विषय घेतला की पहिल्या पानावर 'चौथा स्तंभ' येतो, दुसऱ्या पानावर बीबीसी, आणि तिसऱ्या पानावर 'प्रसार भारतीमुळे स्वायत्तता मिळाली' असं वाक्य. मी पण तेच लिहिलं होतं. ते वाक्य का टिकत नाही ते बघू.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. चालवणारी कंपनी खाजगी होती, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. उत्पन्न म्हणजे मुख्यतः रेडिओच्या लायसन्स फीतला वाटा, आणि रेडिओ घेणारे लोक मूठभर. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने ती केंद्रं ताब्यात घेतली. म्हणजे आपल्याकडे सरकारी रेडिओ आला तो कुठल्या विचारातून वगैरे नाही, एका बुडीत धंद्यातून आला. आणि आला तो थेट उद्योग आणि श्रम खात्याच्या एका कोपऱ्यात.

१९३५ मध्ये बीबीसीहून लायोनेल फील्डन नावाचे गृहस्थ नियंत्रक म्हणून आले. त्यांना 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस' या नावाचाच वैताग होता, कारण त्यात 'स्टेट' हा शब्द होता. ८ जून १९३६ रोजी नाव बदलून 'ऑल इंडिया रेडिओ' झालं. फील्डन यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की हे नाव व्हाइसरॉय लिनलिथगो यांना स्वतःलाच सुचलं असं वाटेल, अशा बेताने त्यांनी बोलणं वळवत नेलं. किस्सा मजेदार आहे. पण नावातून 'स्टेट' गेलं तरी पगार देणारा तोच राहिला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये, चले जाव आंदोलनात, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. गुप्त ट्रान्समीटर, सारख्या बदलत्या जागा, आणि १२ नोव्हेंबरला अटक. यातला शिकण्यासारखा भाग असा की सरकारी रेडिओवर जे सांगितलं जात नव्हतं ते सांगायला लोकांना दुसरा ट्रान्समीटरच उभा करावा लागला. आहे त्याच रेडिओवर विरोधी आवाज येईल ही कल्पना शक्यच नव्हती. आणि पाच वर्षांनी तोच रेडिओ, त्याच रचनेसह, स्वतंत्र भारताच्या हातात आला. फाळणीनंतर आपल्या वाट्याला सहा केंद्रं आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली.

नेहरूंनी १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की शक्य तितकं बीबीसीच्या वळणावर जाणारं, निम-स्वायत्त महामंडळ असावं असं त्यांचं मत आहे. मात्र ते लगेच जमण्यासारखं नाही. या 'लगेच नाही'ची लांबी किती? १९९७ पर्यंत धरली तर एकोणपन्नास वर्षं.

आता बीबीसीचं. आपण तिला आदर्श मोजपट्टी म्हणून वापरतो, तेव्हा ती पट्टी स्वतः किती सरळ आहे तेही तपासायला हवं. १९२६ च्या सार्वत्रिक संपात चर्चिल यांचा आग्रह होता की सरकारने बीबीसी ताब्यात घ्यावी. जॉन रीथ यांनी ते होऊ दिलं नाही, आणि हे सगळ्या पुस्तकांत असतं. पण त्याच संपात मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅक्डोनल्ड यांना मायक्रोफोन मिळाला नाही, हे सगळ्या पुस्तकांत नसतं. सरकार आपल्यावर विश्वास ठेवू शकतं, आपण खरोखरच निःपक्षपाती राहणार नाही हे त्याला ठाऊक आहे, अशा अर्थाची नोंद खुद्द रीथ यांच्या डायरीत आहे. पुढे १९५६ मध्ये सुएझच्या वेळी पंतप्रधान ईडन यांच्या भाषणानंतर विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांना उत्तराची वेळ दिली गेली, सरकार नाराज असतानाही. तीच संस्था, मध्ये तीस वर्षं. सनद मिळाली त्या दिवशी, १ जानेवारी १९२७ ला, स्वातंत्र्य पूर्ण मिळालं असं काही झालं नाही. ते वापरून वापरून तयार झालं.

इथे मला पुण्याकडे यायचंय, कारण या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण तिथलं आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली. गावात शेतकऱ्यांचं एक श्रोता मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी मिळून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि मंडळाच्या चिटणीसाने चर्चेचा वृत्तांत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना उत्तरं मिळायची. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं, पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली.

विज्ञानवाल्यांनी इथे कान टवकारावेत. कारण या लोकांनी कंट्रोल ग्रुप ठेवला होता! काही गावांत मंडळ आणि रेडिओ दोन्ही. तुलनेसाठी काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि काही गावांत रेडिओच नव्हता. प्रयोगाआधी आणि नंतर मुलाखती. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली, बाकीच्या गावांत त्या मानाने फारच कमी. नुसता रेडिओ गावात आणून ठेवल्याने फारसं घडत नाही. ऐकणाऱ्याला उलट विचारता आलं तर घडतं. १९५९ पासून ही श्रोता मंडळं देशभर नेण्यात आली. मी पहिल्यांदा तो अहवाल वाचला तेव्हा रात्री दोन वाजता मैत्रिणीला मेसेज केला होता, '१९५६, पुणे, कंट्रोल व्हिलेजेस!!' तिने सकाळी एक जांभई देणारा इमोजी पाठवला.

पण प्रयोग आवडला म्हणून त्याची मर्यादा झाकायची नाही. विषय होते शेती, आरोग्य, साक्षरता वगैरे. शेतकऱ्याने बियाण्यांबद्दल प्रश्न पाठवला तर उत्तर मिळायचं. सरकारच्या धोरणावर विरोधी पक्षाचं म्हणणं काय, हे ऐकायची सोय त्या रचनेत नव्हती. आणि इथेच माझी पहिली चूक मला कळली. मी 'लोकसेवा' आणि 'स्वतंत्र' हे शब्द एका दमात लिहीत होते, जणू एक आलं की दुसरं येतंच. प्रत्यक्षात ते दोन वेगळे अक्ष आहेत. पुण्याचा प्रयोग लोकसेवेच्या अक्षावर खूप वर जातो आणि स्वातंत्र्याच्या अक्षावर जागेवरून हलतही नाही.

याचं आणखी टोकाचं उदाहरण म्हणजे 'साइट' हा उपग्रह शैक्षणिक प्रयोग. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली. त्यासाठी इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने केलेलं काम आजही अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवावं इतकं सुंदर आहे. आता तारखा बघा : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. आणीबाणी लागली २५ जून १९७५ ला. अख्खा प्रयोग आणीबाणीच्या पोटात बसतो. ज्या अँटेनावर मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम येत होते त्याच अँटेनावर सरकारचा प्रचारही येऊ शकत होता, कारण सिग्नलला दोन्हींतला फरक कळत नाही. साइटवर भरपूर लेखन आहे, आणीबाणीवर तर ढिगाने. दोन्ही एकत्र ठेवून वाचणारं त्या मानाने कमी सापडतं. कोणाला विषय हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

आणीबाणीआधीही मंत्र्यांचा शब्द शेवटचा होताच. १९५२ ते १९६२ माहिती व प्रसारण मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. त्यांच्यामुळे अनेक कलावंतांना आधार मिळाला. पण चांगल्या हेतूच्या एका माणसाच्या आवडीवर देशाचा रेडिओ बदलू शकतो, तर वाईट हेतूच्या माणसाला किती वेळ लागेल? हा प्रश्न १९६६ च्या चंदा समितीच्या अहवालापुढेही होता. समितीने रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांची दोन वेगळी स्वायत्त महामंडळं सुचवली. सरकारने यातलं 'वेगळी' तेवढं घेतलं. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, आणि दोन्ही राहिली मंत्रालयाखालीच.

आणीबाणीतल्या गोष्टी तुम्हाला माहीत असतील. किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली, ते सरकारी कार्यक्रमाला सहकार्य करत नाहीत म्हणून. हे सगळं शाह आयोगाच्या अहवालात आणि ऑगस्ट १९७७ च्या माध्यमांच्या गैरवापरावरील श्वेतपत्रिकेत येतं. मात्र श्वेतपत्रिका काढणारं सरकार हे आधीच्या सरकारचं विरोधक होतं, एवढं भान ठेवूनच ती वाचा. पुरावा खोटा असतो असं नाही; निवडलेला असतो. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो.

न सांगितलेली बातमी शोधणं हे या विषयातलं सगळ्यात अवघड काम. जे प्रसारित झालं त्याची संहिता कधीतरी मिळते. जे झालंच नाही त्याची फाइल कोण ठेवणार? मग तुलना करावी लागते : त्याच दिवशीची वर्तमानपत्रं, परदेशी रेडिओ, आणि बीबीसीचा मॉनिटरिंग विभाग, जो १९३९ पासून इतर देशांची प्रसारणं ऐकून त्यांचे सारांश काढत आला. ३१ ऑक्टोबर १९८४ हा दिवस घ्या. सकाळी नऊनंतर इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीवर मृत्यूची बातमी यायला संध्याकाळ झाली. बीबीसीवर ती काही तास आधीच आली होती. राजीव गांधी त्या दिवशी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते, आणि नेमकं काय झालं ते कळावं म्हणून त्यांनी बीबीसी लावली होती. सत्ताधारी पक्षाचा सरचिटणीस, पंतप्रधानांचा मुलगा, आपल्या देशाचा रेडिओ सोडून दुसऱ्या देशाचा ऐकतो! याहून बोलका डेटा पॉइंट मला सापडलेला नाही. शांतता बिघडू नये म्हणून उशीर केला असं कोणी म्हणेल, आणि तो युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण उशिरामुळे बातमी थांबली नाही, फक्त ती सांगणाऱ्याचा पत्ता बदलला.

आता कायदा. जनता सरकारने नेमलेल्या बी. जी. वर्गीज समितीने १९७८ मध्ये 'आकाश भारती' हा अहवाल दिला आणि राष्ट्रीय प्रसारण न्यास सुचवला. १९७९ चं विधेयक त्याहून बरंच पातळ होतं, आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर तेही गेलं. व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संमत झाला. लागू झाला १५ सप्टेंबर १९९७ ला. मधली सात वर्षं तो छापील होता, एवढंच. मी १९९७ ची. लहानपणी मला वाटायचं की आपण फार उशिरा जन्मलो, पण या कायद्याच्या मानाने अगदी वेळेत.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये दिसते. '१९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे प्रसार भारती स्थापन झाली' असं लिहितात. निकाल बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणातला, ९ फेब्रुवारी १९९५ चा. हीरो कपचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून भांडण सुरू झालं होतं. न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. (इंग्रजीत त्यांना हवेच्या लहरी म्हणतात, खरं तर विद्युतचुंबकीय लहरींना हवा लागत नाही. पण फ्रिक्वेन्सी मर्यादित आहेत, हा मुद्दा अचूक आहे.) न्यायालयाने सरकारला सांगितलं की या लहरींचं नियमन करायला समाजाच्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व करणारी स्वायत्त सार्वजनिक संस्था उभी करा. म्हणजे मागितला नियामक. प्रसार भारती आहे प्रसारक, आणि तिचा कायदा निकालाच्या पाच वर्षं आधीचा. निकालाने दबाव वाढवला एवढं म्हणता येईल. न्या. जीवन रेड्डी यांनी त्याच निकालात बजावलं होतं की खाजगी मक्तेदारी सरकारीइतकीच घातक ठरू शकते. रात्री नऊ वाजता कुठलंही चॅनेल लावून बघा.

कायदा मूळ वाचा, त्यावरचे लेख नंतर. कलम १२ मध्ये नागरिकाच्या मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहितीच्या हक्काचं रक्षण हे प्रसार भारतीचं उद्दिष्ट म्हणून लिहिलंय. कलम ४ प्रमाणे अध्यक्ष आणि सदस्य निवडायच्या समितीत राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती असते. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात हे तुम्ही शाळेत शिकलात. कलम १३ मध्ये २२ खासदारांची संसदीय समिती आहे. गुजराल सरकारने १९९७ मध्ये अध्यादेशाने ही समिती आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची वयाची अट काढली, आणि एस. एस. गिल त्या पदावर आले. १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने अध्यादेशानेच वयाची अट परत आणली, आणि गिल गेले. दोन सरकारं, दोन पक्ष, हत्यार एकच. संसदीय समिती कायद्यात परतली, पण बसली मात्र नाही. २०१४ च्या सॅम पित्रोदा समितीसमोरही तोच पेच होता.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं कलम २३. सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी केंद्र सरकार एखादी गोष्ट प्रसारित करा किंवा करू नका असा निर्देश देऊ शकतं. वाचताना धक्का बसतो. पण पुढची उपकलमं वाचा. प्रसार भारतीला हवं असेल तर 'हे निर्देशावरून प्रसारित होतंय' असं जाहीर करता येतं, आणि प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. म्हणजे लेखी हुकूम हा संशोधकाला सापडणारा हुकूम आहे. फोनवर सांगितलेलं कुठल्याही सभागृहापुढे येत नाही. आणि फोनचीही गरज केव्हा उरत नाही? वृत्तविभाग चालवणारे अधिकारी भारतीय माहिती सेवेतले, म्हणजे मंत्रालयाच्या सेवेतले, असतात. त्यांची बढती-बदली जिथून होते तिथला चेहरा त्यांना न सांगता आठवतो. यात कुणा अधिकाऱ्याचा दोष मी काढत नाही. मी त्या खुर्चीत असते तर मलाही आठवला असता.

राहिला पैसा. आपल्याकडेही रेडिओ आणि टीव्हीची लायसन्स फी होती. पोस्टात जाऊन भरायची, आजीच्या ट्रंकेत ती छोटी पुस्तिका अजून आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ती रद्द झाली. लोकांना बरंच वाटलं असणार. पण त्यामुळे ऐकणारा आणि प्रसारक यांच्यातला पैशाचा थेट धागा तुटला, आणि उरल्या दोन गोष्टी : अर्थसंकल्पातलं अनुदान आणि जाहिराती. विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूरहून १९६७ मध्ये, आणि दूरदर्शनवर १९७६ मध्ये जाहिराती सुरू झालेल्या होत्याच. ब्रिटनमध्येही फीचा आकडा सरकारच ठरवतं, त्यामुळे तो मार्ग निर्भेळ नाही. पण दरवर्षी मंत्रालयाकडे हात पसरणं आणि काही वर्षांतून एकदा भांडणं, यात फरक आहे.

दुसऱ्या सादरीकरणात मी शीर्षकातून 'स्वायत्त' शब्द काढला. त्याऐवजी तीन वेगळी मोजमापं मांडली : नेमणूक कोण करतं, पैसा कुठून येतो, आणि नकाराचा लेखी पुरावा किती मिळतो. त्याच सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "छान. कंट्रोल ग्रुप कुठला?"

दूरचित्रवाणीसाठी खाजगी वाहिन्या आहेत, तुलना तरी करता येते. रेडिओसाठी मी अडकले. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या करायची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं तेवढं ऐकवता येतं. त्यामुळे रेडिओच्या बातम्यांत आकाशवाणी नसलेलं गाव मला अजून मिळालेलं नाही. सरांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "मग ते पहिल्या प्रकरणात लिहा." सध्या तेच लिहितेय.